दोन लिटरच्या बॅरलात मुरवलेली मॅनहॅटन: नऊ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मागच्या ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन मागवलेलं दोन लिटरचं ओकचं बॅरल, आतून मध्यम जाळलेलं, सोबत लाकडी स्टँड, लाकडी तोटी आणि बूच, सगळं मिळून सत्तर डॉलरच्या आसपास पडलं. नऊ महिने वापरलंय, चार घाणे काढून झाले आणि पाचवा आत आहे. निकाल आधीच सांगून टाकतो, बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं पुरे: लाकूड चांगलं आहे, तोटी वाईट आहे, आणि सोबत येणाऱ्या माहितीपत्रकातले आठवडे अजिबात पाळू नका, मी पाळायला गेलो आणि पहिले दोन लिटर जवळपास हातचे गेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हिस्की मुरवायला म्हणून हे घेऊ नका. कॉकटेल मुरवायला घ्या. त्यात हे बॅरल खरंच कमाल करतं.

मी ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला राहतो, आणि हा नाद आमच्या गावातूनच जगभर गेलाय म्हणून थोडं मागचं सांगतो, कारण त्यातच बॅरल वापरायची किल्ली आहे असं मला आता वाटतंय. डाउनटाउनच्या क्लाइड कॉमनमध्ये तेव्हा जेफ्री मॉर्गनथेलर बार सांभाळायचा, तो २००९ मध्ये लंडनला गेला असताना टोनी कोनिलियारोच्या बारमध्ये त्याने मुरवलेली मॅनहॅटन प्यायली, म्हणजे व्हिस्की, व्हर्मुथ (जडीबुटी घातलेली वाइन) आणि बिटर्स (कडू मसालेदार अर्क) यांचं कॉकटेल. कोनिलियारो ती काचेच्या बाटलीत मुरवायचा, लाकडाचा काही संबंध नाही, नुसती बाटली बंद करून महिनोन् महिने ठेवायची. मॉर्गनथेलर परत आला आणि त्याने एक छोटं ओकचं बॅरल घेतलं ज्यात आधी मदीरा वाइन होती, त्यात मॅनहॅटन भरली, पाच-सहा आठवड्यांनी काढली, आणि मग न्यूयॉर्क राज्यातल्या टटहिलटाउन डिस्टिलरीची व्हिस्की काढून रिकामी झालेली बॅरलं आणून त्यात नेग्रोनी वगैरे दुसरी कॉकटेल्स भरायला लागला. २०१० मध्ये त्याने हे लिहून काढलं आणि वर्षभरात जिकडेतिकडे बारच्या काउंटरवर बॅरलं दिसायला लागली.

आता यातला एक शब्द बघा, "आधी". आधी मदीरा होती, आधी व्हिस्की होती. म्हणजे ती वापरलेली बॅरलं होती, लाकडातला पहिला कडकपणा दुसऱ्या कुणीतरी पिऊन टाकलेला होता. आपण घरी जे मागवतो ते कोरं असतं. पाच-सहा आठवडे हा आकडा मात्र सगळ्यांनी तिथून जसाच्या तसा उचललाय आणि कोऱ्या बॅरलच्या पत्रकात छापलाय. मला हे कळायला दोन लिटर मॅनहॅटन आणि दोन महिने लागले, तुम्हाला फुकटात सांगतोय.

दुसरी गोष्ट आकाराची. केंटकीत बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) ज्यात भरतात ते बॅरल ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटरचं. माझं २ लिटरचं, शंभरपट लहान. पण आकार शंभरपट लहान झाला म्हणून लाकडाचा स्पर्श तेवढा कमी होत नाही, हिशोब केलात तर दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग साडेचार पटीहून जास्त पडतो. म्हणून छोट्या बॅरलात रंग आणि तुरटपणा धडाधड उतरतो. मग लोकांना वाटतं की अरे वा, व्हिस्की सहा आठवड्यांत सहा वर्षांची झाली. नाही हो होत. लाकडातून जे यायचं ते लवकर येतं, पण मुरणं म्हणजे नुसतं लाकडाचा अर्क उतरणं नाही, हवा हळूहळू आत जाते, आतली आम्लं आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळून नवीन वास तयार होतात, कच्च्या दारूचा उग्रपणा जातो, आणि त्याला जो वेळ लागतो तो लागतोच. लोणच्याच्या फोडी बारीक केल्या म्हणून मीठ लवकर आत जाईल पण लोणचं दोन दिवसांत मुरणार नाही, तसंच आहे हे. केंटकीतल्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीने हा प्रयोग व्यवस्थित करून बघितलाय, २००६ मध्ये ५, १० आणि १५ गॅलनच्या बॅरलांत तीच व्हिस्की भरून सहाएक वर्षं शेजारी शेजारी ठेवली आणि शेवटी त्यांनीच जाहीर केलं की एकही जमली नाही, रंग आला, धूर आला, पण खोली आली नाही. एवढ्या अनुभवी लोकांना १५ गॅलनमध्ये जमलं नाही ते मला २ लिटरमध्ये जमणार नाही हे मी मान्य केलंय.

मग कॉकटेल का जमतं? कारण मॅनहॅटनमधली व्हिस्की आधीच मोठ्या बॅरलात वर्षानुवर्षं मुरून आलेली असते. तिला वय नकोय. नवीन असतो तो व्हर्मुथ आणि बिटर्स, आणि ते व्हिस्कीशी एकजीव व्हायला पाहिजेत. ग्लासात ताजी ढवळलेली मॅनहॅटन छानच लागते पण त्यात तीन वेगवेगळे आवाज ऐकू येतात, बॅरलात राहिली की तो एकच आवाज होतो. व्हर्मुथ मुळात वाइन आहे, बॅरलच्या फळ्यांतून थोडी हवा लागली की त्यात अक्रोडासारखा, मनुकांसारखा एक वास येतो, आणि ओककडून व्हॅनिला, थोडा खोबऱ्याचा वास, थोडी लवंग. हे मी कविता म्हणून लिहीत नाहीये, ओकमध्ये लॅक्टोन असतात त्यांचा वास खरंच खोबऱ्याचा असतो, आणि लवंगेच्या तेलात जे युजेनॉल असतं तेच जाळलेल्या ओकमध्येही असतं. आपल्या नाकाला हे वास लहानपणापासून पाठ आहेत म्हणून मला तर वाटतं आपल्याला हे इतर लोकांपेक्षा जास्त नीट कळतं.

आता बॅरल. आल्या आल्या आधी बूच काढून आत नाक घाला. जळक्या लाकडाचा, कॅम्पफायरसारखा गोड वास आला पाहिजे. व्हार्निशचा, रंगाचा किंवा मेणबत्तीचा वास आला तर ताबडतोब परत करा, कारण शोभेची बॅरलंही याच नावाने विकली जातात आणि त्यांना आतून मेण किंवा वार्निश लावलेलं असू शकतं, त्यात प्यायचं काहीही भरू नये. माझ्याचा वास स्वच्छ होता. फळ्या सरळ, पट्ट्या घट्ट, कुठे खिळा नाही की गोंद नाही, नुसत्या फळ्या एकमेकींवर दाबून पट्ट्यांनी आवळलेल्या. अमेरिकन व्हाइट ओक याला उत्तम कारण त्या झाडाच्या आतल्या नळ्या झाडातच बुजत जातात, म्हणून त्यातून पाणी पाझरत नाही, दुसऱ्या बऱ्याच लाकडांतून पाझरेल.

पण कोरडं बॅरल पाझरतंच. आपण नवीन माठ आणला की पाणी भरून ठेवतो ना, पहिलं पाणी फेकून देतो, तेच इथे. कढत पाणी भरलं आणि बेसिनमध्ये ठेवलं तर पहिल्या पाच मिनिटांत तीन ठिकाणाहून धार. घाबरू नका, लाकूड फुगायला वेळ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन धारा बंद झाल्या होत्या, खालच्या फळीतून आणि मागच्या झाकणाच्या कडेने येणाऱ्या. तिसरी तोटीच्या बुडातून येत होती आणि ती तीन दिवस झाले तरी थांबेना. तोटी वेगळी पाण्यात भिजवून, लाकडी हातोड्याने अगदी हलके ठोकून बसवली, कडेने बॅरलचं मेण लावलं, तेव्हा थेंब थांबला. पण तोटीची कळ पण गळायची, म्हणजे बंद केली तरी दर मिनिटाला एक थेंब. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्यांनी आठवड्याने दुसरी तोटी पाठवली, तीही तशीच निघाली. शेवटी मी स्टेनलेस स्टीलची, खाण्यापिण्याला चालणारी तोटी वेगळी विकत घेतली, त्यासाठी भोक एक-दोन मिलिमीटर वाढवावं लागलं, तेव्हापासून थेंब नाही. घेताना स्टीलची तोटी असलेलं मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या पण तेच घ्या. पितळेची किंवा मुलामा दिलेली नको, आत महिनाभर आंबट आणि चाळीस टक्क्यांच्या जवळचं अल्कोहोल बसणार आहे.

पाणी तीन दिवसांनी काढलं तर चहाच्या रंगाचं, त्यात कोळशाचे बारीक तुकडे. स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढलं, पाच-सहा वेळा लागले.

पहिला घाणा मॅनहॅटनचा. रिटनहाउस राय (राय धान्याची व्हिस्की) घेतली, ती १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के असते, आणि ते मुद्दाम, कारण व्हर्मुथ मिसळल्यावर टक्के खाली येतात. १३०० मिली राय, ६५० मिली कारपानो अँटिका व्हर्मुथ, हिशोबाने जवळपास ३९ टक्के पडतात, एवढ्यात काही नासत नाही. बिटर्सचं प्रमाण मात्र गुणाकाराने काढू नका, एका ग्लासाला दोन शिंतोडे म्हणजे बावीस ग्लासांना चव्वेचाळीस असं सरळ केलं तर चाळीसेक मिली होतात, मी निम्मे म्हणजे २० मिली अँगोस्टुरा घातले आणि तेही भरपूर झाले, लवंग-दालचिनीसारखा मसाला ओकमधूनही येत असतो. सगळं साहित्य शंभर डॉलरच्या घरात गेलं. नरसाळ्याने भरलं, बूच लावलं, किचनच्या कोपऱ्यात जिथे ऊन येत नाही आणि हीटरची झळ लागत नाही तिथे ठेवलं.

पाचव्या दिवशी चमचाभर चाखलं, काहीच फरक नाही असं वाटलं. नवव्या दिवशी व्हॅनिला. बाराव्या दिवशी खरंच सुंदर लागत होतं, मी बायकोला पण दिलं, ती म्हणाली आत्ताच काढ. पण पत्रकात सहा आठवडे लिहिले होते आणि दुसऱ्या दिवशी आमचं पुण्याचं विमान, भाचीचं लग्न, साडेतीन आठवड्यांचा मुक्काम. मी म्हटलं राहू दे, उलट अजून मुरेल. परत आल्यावर सामान पण उघडलं नव्हतं, आधी तोटी उघडली. जीभ कोरडी पडली. कच्चं केळं चावल्यावर तोंड बसतं ना, तसं. आवळा खाल्ला तरी वरून पाणी प्यायल्यावर गोड लागतं, इथे वरून पाणी प्यायलं तरी लाकूडच लागत होतं. खाली कुठेतरी मॅनहॅटन होती पण तिच्यावर फर्निचर ठेवलेलं होतं.

तरी ओतून देऊ नका असं काही झालं तर. मी दोन तृतीयांश ताजी मॅनहॅटन आणि एक तृतीयांश ही अशी मिसळली, एक आठवडा काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवली, आणि ती चांगलीच लागली, ख्रिसमसला आलेल्या सगळ्यांनी प्यायली. जास्त मुरलेला माल हा मसाल्यासारखा वापरायचा. पण बारावा दिवस हातातून गेला याचं मला अजून वाईट वाटतं, तशी चव त्या कोऱ्या लाकडातून परत येणार नाही.

मग मॉर्गनथेलरची मदीरा आठवली. कोऱ्या लाकडाला आधी काहीतरी स्वस्तातलं पाजायला हवं. मी ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या तीन बाटल्या आणल्या, साध्यातल्या साध्या, आणि तीन आठवडे बॅरलात ठेवल्या. शेरी काढली तेव्हा तीही लाकूड लाकूड झाली होती, ती हळूहळू मटणाच्या रश्श्यात आणि कांदा परतताना वापरली, बरी लागते. पण बॅरल बदललं. बूच काढून वास घेतला तर आधी नुसता जळका वास यायचा, आता खजुराचा, सुक्या अंजिराचा यायला लागला. मी तर म्हणेन की नवीन बॅरल घेणाऱ्याने हा खर्च बॅरलच्या किमतीतच धरावा. पहिला घाणा स्वतःसाठी नाही, लाकडासाठी.

दुसरा घाणा परत तीच मॅनहॅटन, तेच माप, चार आठवडे. यावेळी एक गोष्ट मुद्दाम केली, दोन लिटरपेक्षा थोडं जास्त मिश्रण केलं आणि २०० मिली काचेच्या बाटलीत बंद करून कपाटात ठेवलं, कोनिलियारोसारखं. म्हणजे बॅरलमुळे काय झालं आणि नुसत्या वेळेमुळे काय झालं ते वेगळं कळेल. फेब्रुवारीत एका शनिवारी पाच जण जमलो, प्रत्येकापुढे तीन ग्लास, एक ताजी, एक बाटलीतली, एक बॅरलमधली, खाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पाचपैकी चौघांनी बॅरलमधली पहिली ठेवली. एकाने बाटलीतली, आणि त्याचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं, त्याला रायचा तिखटपणा आवडतो आणि बॅरलमध्ये तो गोल होऊन जातो. मित्राच्या बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, "यात जायफळ घातलंय का?" मी म्हटलं, "नाही वहिनी, लाकूड आहे ते." त्यांनी परत वास घेतला आणि म्हणाल्या, "मग बासुंदीचं पातेलं पण याच लाकडाचं करायला पाहिजे." ताजी मॅनहॅटन मात्र एकानेही पहिली ठेवली नाही, म्हणजे नुसतं बाटलीत चार आठवडे ठेवूनही फरक पडतोच. ज्यांना बॅरलवर पैसे घालायचे नाहीत त्यांनी निदान हे करून बघा, त्याला एक रिकामी बाटली आणि महिनाभराचा धीर लागतो.

घट किती येते हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मी १९५० मिली भरले आणि चार आठवड्यांनी १७८० निघाले. काही लाकूड पितं, काही हवेत जातं, व्हिस्कीवाले याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये मोठ्या बॅरलातून वर्षाला साधारण २ टक्के जातं, बंगळुरात अमृत व्हिस्कीवाले १० ते १२ टक्के सांगतात, गरम हवा म्हणून. माझं एका महिन्यात जवळपास ९ टक्के गेलं, आणि तेही हिवाळ्यात, पण घरात हीटर चालू म्हणजे हवा कोरडी. हवा कोरडी असली की अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि आतला माल कडक होतो, दमट असली तर उलटं. पुण्याचा भाऊ विचारत होता की तिकडे आणू का एक. मी त्याला सांगितलं, एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांत हे ठेवू नकोस, माळ्यावर तर अजिबात नको, पावसाळ्यानंतर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेव आणि दिवस मोजताना माझ्या निम्मे धर, चौथ्या दिवसापासून चाखायला लाग. उन्हाळ्यात लाकूड श्वास पण जोरात घेतं, म्हणून तर अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन पाच-सहा वर्षांत जिथे पोहोचतात तिथे स्कॉटलंडला दुप्पट वेळ लागतो.

दुसऱ्या घाण्यानंतर मला सहा आठवडे काहीच भरायला वेळ झाला नाही. बॅरल रिकामं ठेवलं तर फळ्या आक्रसतात, पट्ट्या सैल होतात, आणि ओलं रिकामं ठेवलं तर आत बुरशी. त्यामुळे पाण्यात सायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून भरून ठेवलं, वाइन बनवण्याच्या सामानाच्या दुकानात दोन्ही मिळतात, काढल्यावर तीन-चार वेळा धुतलं की वास राहत नाही. पण शक्यतो ही वेळ येऊ देऊ नका. सकाळी काढलं की संध्याकाळपर्यंत पुढचं भरा. विकत घ्यायच्या आधी स्वतःला हे विचारा की वर्षभर दर महिन्या-दीड महिन्याने शंभर डॉलरची दारू आणायची तयारी आहे का, आणि ती प्यायला माणसं आहेत का. आमच्याकडे महिन्यातून एकदा मंडळी जमतात म्हणून जमतं. एकट्या माणसाने दोन लिटरचं घेऊ नये, आणि एक लिटरचंही घेऊ नये कारण ते आणखी घाई करतं.

तिसरा घाणा बुलवार्डिए, आणि माझ्या मते या बॅरलचं खरं काम हेच. साडेआठशे मिली बर्बन, साडेपाचशे कॅम्पारी (कडू इटालियन लिक्योर), साडेपाचशे स्वीट व्हर्मुथ. लाकूड आता शांत झालेलं, म्हणून साडेसहा आठवडे लागले, रोज नाही पण दर चार दिवसांनी चमचाभर काढून वहीत लिहीत होतो. कॅम्पारीचा कडूपणा ताज्या ग्लासात जिभेच्या मागच्या टोकाला टोचतो, तो हळूहळू पुढे सरकतो आणि संत्र्याच्या सालीच्या मुरांब्यासारखा होतो, कडू राहतोच पण त्याला गोडाची साथ मिळते. तिसऱ्या आठवड्यात मधेच एक सपाट टप्पा आला, ना ताजं ना मुरलेलं, मला वाटलं बिघडलं. वाट बघितली. पाचव्या आठवड्यात परत वर आलं. वही ठेवली नसती तर मी तिसऱ्या आठवड्यातच काढून टाकलं असतं. चौथा घाणा परत मॅनहॅटन, त्याला सात आठवडे लागले आणि तुरटपणा नावालाही नव्हता.

काय घालू नये हेही सांगतो. लिंबाचा, संत्र्याचा रस नाही, दूध-अंडं तर नाहीच, नासणार. ओल्ड फॅशन्ड करायची असेल तर साखर बॅरलात घालू नका, लाकडात चिकट बसते आणि पुढच्या घाण्याला त्रास देते, नुसती व्हिस्की आणि थोडे बिटर्स मुरवा आणि साखर ग्लासात घाला. फळांच्या साली पण बॅरलात नको, प्यायच्या वेळी ग्लासावर ताजी साल पिळा. काढताना नरसाळ्यात कॉफीचा कागदी फिल्टर लावून गाळा, कोळशाचा बारीक गाळ येतोच, बाटल्या गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा राहणार नाही, आणि व्हर्मुथवालं काहीही असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. आणि देताना बर्फावर नीट अर्धा मिनिट ढवळून द्या, मुरलेलं आहे म्हणून पाण्याची गरज संपत नाही, बॅरलमधून सरळ ग्लासात ओतून दिलं तर ते घशाला लागतं आणि इतक्या आठवड्यांची मेहनत कुणाला कळत नाही. नव्वद मिली माल, भरपूर बर्फ, थंड ग्लास.

बाजारात जाळलेल्या ओकच्या काड्या आणि पिळाच्या पट्ट्या मिळतात, पाच-सात डॉलरला, काचेच्या बरणीत टाकायच्या. मी एकदा करून बघितलं. लाकडाची चव येते, तीही पटकन, पण हवेचं जे काम आहे ते होत नाही, अक्रोड-मनुकांचा तो वास येत नाही. आपल्याला ओक आवडतो की नाही हे बघायला मात्र उत्तम, सत्तर डॉलर घालायच्या आधी सात घालून बघा.

पत्रकाबद्दल एक शेवटचं, कारण मला त्याचा खरंच राग आहे. "स्वस्त व्हिस्की भरा आणि महागडी काढा" असं त्यात ठळक छापलंय. एका मित्राने माझ्या बॅरलकडे बघून स्वतः तेच बॅरल घेतलं आणि त्यात सगळ्यात स्वस्त बर्बन भरली, तीन आठवड्यांनी त्याच्याकडे गडद रंगाची, तुरट, सगळ्यात स्वस्त बर्बन होती. त्याने बॅरल आता बागेत झाड लावायला ठेवलंय. चांगलं लाकूड होतं ते, कुणीतरी हाताने फळ्या जुळवून बनवलेलं. त्याला कुणी खरं सांगितलं असतं तर आज त्यात नेग्रोनी असती.

गुण द्यायचेच तर लाकूड आणि बांधणीला पाचपैकी साडेचार, तोटीला एक, पत्रकाला शून्य. परत घ्यायचं झालं तर हेच घेईन पण तीन लिटरचं, स्टीलच्या तोटीचं, आणि त्याच दिवशी शेरी पण आणेन.

पाचवा घाणा परत बुलवार्डिए आहे, यावेळी बर्बनऐवजी राय घालून, आज एकतिसावा दिवस. काल चाखली, अजून तो सपाट टप्पा चालू आहे. शुक्रवारी परत बघतो.